फेणे मोठा झाला, आणि मी?

दिवाळीची साफसफाई चालू असताना घरातल्या पुरुषाने नेमके काय करावे, हा प्रश्न आमच्याकडे फार पूर्वीच निकालात निघालेला आहे. त्याने स्टुलावर चढून माळ्यावरच्या वस्तू खाली द्याव्यात, आणि त्या वस्तूंचे पुढे काय होणार याची चौकशी करू नये. गेल्या दिवाळीला मी याच कामगिरीवर असताना एक पत्र्याची ट्रंक हाती लागली. झाकण उघडून पाहतो तो आत कापडी पिशवीत बांधलेली पंधरा-सोळा पुस्तके. कडा कसरीने खाल्लेल्या, पाने पिवळी पडलेली. पण मुखपृष्ठांवर राम वाईरकरांनी काढलेला तो काटकुळा पोरगा मात्र जसाच्या तसा.

"ही रद्दीत द्यायची ना?" सौभाग्यवतींनी खालून विचारले.

"नाही!" असे दोन आवाज एकदम उठले. एक माझा, स्टुलावरून. आणि दुसरा आमच्या अठरा वर्षांच्या चिरंजीवांचा, आतल्या खोलीतून. बापलेकांचे एकमत होण्याचा योग आमच्या घरी वर्षाकाठी एखादाच येतो. त्याचा मान राखून सौ. ने पुढे काही न बोलता ट्रंक पुसून घेतली.

वाचकांनी ओळखले असेलच. तो पोरगा म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे. हा बनेश माझ्या आयुष्यात तीनदा आला. पहिल्यांदा पुस्तकातून, दुसऱ्यांदा दूरदर्शनवरून आणि तिसऱ्यांदा, मी चांगला अडतीस वर्षांचा घोडा झालेला असताना, चित्रपटातून. पहिल्या दोन भेटींत मी त्याच्यावर खूश होतो. तिसऱ्या भेटीत मी त्याच्यावर रागावून घरी आलो, आणि मग काही दिवसांनी माझ्या ध्यानात आले की हा राग त्याच्यावरचा नव्हे. ती हकीकत सांगावी म्हणून हा खटाटोप.

1987 साली मी तिसरीत होतो. आमचे कळमेश्वर तेव्हा आजच्याहून पुष्कळ लहान होते. नागपूर अवघे वीस-बावीस किलोमीटरांवर. पण आम्हां मुलांच्या लेखी नागपूर म्हणजे वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीच्या कपड्यांसाठी आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे. मोहल्ल्यात टीव्ही एकच, रेल्वेत नोकरीला असलेल्या एका काकाजींचा. त्यांच्या छपरावरच्या अँटेनाचे तोंड नागपूरच्या सेमिनरी हिल्सकडे असे. वारा सुटला की ते तोंड काटोलकडे वळे आणि पडद्यावर मुंग्या नाचू लागत. मग एक पोट्टा कौलांवर, दुसरा अंगणात आणि तिसरा टीव्हीपुढे, अशी साखळी लागे.

"आलं का?"

"नाही आलं!"

"आता?"

"आलं, आलं! हात नको काढू बे, तसाच धरून ठेव!"

कौलांवरच्या पोट्ट्याला कार्यक्रम दिसत नसे, हे सांगायला नकोच. म्हणून ती पाळी दर खेपेला बदलत असे, आणि फास्टर फेणेच्या वेळी ती पाळी कुणालाच नको असे.

त्या मालिकेत सुमीत राघवन नावाचा चुणचुणीत मुलगा बनेश झाला होता. आज हा नट घरोघरी ठाऊक आहे. पण आमच्या दृष्टीने तो नट नव्हताच, तो बनेशच होता. मालिकेतले प्रसंग आठवू लागलो तर पुस्तकातला कोणता आणि पडद्यावरचा कोणता, हे आज मला वेगळे करता येत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळून गेले आहेत. एवढे मात्र पक्के आठवते, की काकाजींच्या घरून परतताना आम्ही सारे जण जीभ टाळूला लावून 'ट्टॉक्' काढत येत असू, आणि असा आवाज वर्गात काढल्याबद्दल गुरुजींनी एका दिवशी सात जणांना ओणवे उभे केले होते. सातांत मी होतो. ती शिक्षा मी मोठ्या अभिमानाने भोगली.

या बनेशचे जनक भा. रा. भागवत. जन्म 1910 चा. मुलांसाठी लिहिणे हे उरलेल्या वेळात करायचे काम नव्हे, असे मानून त्यांनी 1951 साली 'बालमित्र' मासिक काढले, ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा मराठी मुलांच्या हाती दिल्या, आणि मग पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा हा फेणे निर्माण केला. त्याला त्यांनी प्रतापगडावर नेले, काश्मिरात नेले, जंगलात नेले. 2001 साली भागवत गेले. परंतु फेणे कधी म्हातारा झाला नाही, की साधा मॅट्रिकही झाला नाही. पुस्तकातल्या मुलांचे हेच तर भाग्य असते!

मात्र 'फास्टर' हे नाव मोठे फसवे आहे. मराठी शिकवण्याचा धंदा पंचवीस वर्षांजवळ केल्यावर मला असे वाटते, की वेग हा काही या मुलाचा खरा गुण नव्हे. वेगाने सायकल मारणारी पोरे प्रत्येक गावात असतात. फेणेचा गुण असा, की काही वाकडे दिसले तर ते पाहून त्याला पुढे जाताच येत नसे. बाकीची मुले म्हणत, 'चल रे, आपल्याला काय करायचंय!' आणि हा सायकल वळवी. पण हे शहाणपण मला पुष्कळ उशिरा सुचले. तोवर मी त्याच्या सायकलीवरच भाळलेला होतो.

2017 च्या ऑक्टोबरात बातमी लागली की फास्टर फेणे चित्रपटातून येतो आहे. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, लेखक क्षितिज पटवर्धन, फेणेच्या भूमिकेत अमेय वाघ. फेणे आता मोठा झालेला असून वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्याला येतो, असे कळले. वाचून माझ्या पोटात गोळा आला.

आपल्या आवडत्या मालिकेचा चित्रपट निघाला की प्रेक्षकाच्या पोटात असा गोळा का येतो, याचा मी पुढे बराच विचार केला. मालिका म्हणजे शेजार. ती ठरल्या वारी घरी येते, आपण लुंगीवर असलो तरी तिची हरकत नसते, आई पोळ्या लाटता लाटता तिच्याकडे पाहत असते. चित्रपट म्हणजे लग्नकार्य. त्याला तिकीट काढून, कपडे करून जावे लागते, आणि रोजचा शेजारी तिथे फेटा बांधून उभा असलेला पाहिला की क्षणभर ओळखू येत नाही. दोष शेजाऱ्याचा नाही आणि फेट्याचाही नाही. पण आपण उगीच खट्टू होतो.

ही गोष्ट आपल्याकडे पहिल्यांदा घडली ती चिमणरावांच्या बाबतीत. चि. वि. जोशांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मास्टर विनायकांनी 1940 साली 'लग्न पहावं करून' मध्ये पडद्यावर आणले होते; दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही ती जोडी. पुढे 1977 च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर चिमणरावांची मालिका आली आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी त्या दोघांना घराघरांत नेले. 'घराघरांत' म्हणजे मुंबई-पुण्याकडच्या. आमच्या विदर्भात दूरदर्शन तेव्हा पोहोचलेच नव्हते. 1979 साली याच जोडीचा 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट निघाला. मुंबईकरांना तो मालिकेचा पुढचा भाग वाटला असेल; पण माझ्या वडिलांनी मालिका पाहिलेलीच नव्हती, आणि त्यांना कुणाशी तुलना करण्याचे कारणही नव्हते. ते पोट धरधरून हसले, असे आई सांगे. गमतीची गोष्ट अशी, की त्याच 1979 साली तिकडे अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या दहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मालिकेचा चित्रपट आला, तोही जुन्याच नटांना घेऊन. पुढे आपल्याकडे हिंदीत 'खिचडी'चा 2010 साली आणि 'ऑफिस ऑफिस'चा 2011 साली चित्रपट झाला. या सर्वांत एक सोय होती. चेहरे तेच होते. नट आठ-दहा वर्षांनी थोराड झालेला असला, तरी तो तोच असतो.

फेणेच्या बाबतीत ही सोय नव्हती. तीस वर्षे मध्ये गेलेली. जुना बनेश स्वतःच चाळिशी ओलांडून गेलेला. चेहरा नवा, वय नवे, आणि पुणेही नवे. ज्या फुरसुंगीचे नाव आम्ही फेणेमुळे ओळखत होतो, ते वर्तमानपत्रांत आता कचरा डेपोच्या बातम्यांत येऊ लागले होते.

तरीही गेलो. चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे. माझी तीच पुस्तके वाचून त्यांनीही 'ट्टॉक्' शिकून घेतले होते. मोटारसायकलवरून बापलेक सीताबर्डीला गेलो. थिएटरात माझ्या वयाचे बाप आणि त्याच्या वयाची मुले, असाच सारा मामला होता. दिवे मालवले तेव्हा आमच्या मागच्या रांगेत कुणीतरी 'ट्टॉक्' केले आणि सारे थिएटर हसले. हसणारे सगळे बाप होते.

चित्रपट सुरू झाला. पुण्यात बनेशची गाठ पडते ती साक्षात भा. रा. भागवतांशी, आणि भागवत झालेले आहेत दिलीप प्रभावळकर! 1977 चे चिमणराव 2017 साली फेणेचे जनक होऊन बसलेले पाहून मला भरून आले. इथवर मी खूश होतो. पुढे मात्र परीक्षेत भेटलेला एक मुलगा मरण पावतो. ती आत्महत्या आहे असे सारे सांगतात, बनेशला ते पटत नाही, आणि तो शोधाला लागतो. शोध जातो तो प्रवेश परीक्षेच्या काळ्या बाजारापर्यंत. गिरीश कुलकर्णी यांनी रंगवलेला अप्पा हा खलपुरुष इतका थंड आणि इतका ओळखीचा आहे, की चिरंजीवांनी माझे मनगट घट्ट धरले ते शेवटपर्यंत सोडले नाही.

बाहेर आलो तो मी धुमसत होतो. काटोल रोडने परतताना फेटरीजवळ चहाला थांबलो, आणि मी व्याख्यान सुरू केले. हा फेणे आमचा नव्हे. आमच्या फेणेच्या गोष्टीत चोर असत, हेर असत, पण असे काळेकुट्ट काही नसे. मुलांच्या गोष्टीत परीक्षेतला भ्रष्टाचार कशाला? फेणेला मोठा करायचे कारणच काय? वर्गात असतो तसा मी रंगात आलो होतो. चिरंजीव बिस्किट चहात बुडवत ऐकत होते. माझे संपल्यावर त्यांनी विचारले,

"बाबा, तो मेलेला मुलगा त्याचा मित्रपण नव्हता ना? एकदाच तर भेटला होता."

"नव्हता."

"मग तो का गेला त्याच्यासाठी?"

मी कथानकाची गरज, नायकाचा स्वभाव, असे काहीसे सांगितले. त्याने बिस्किट संपवले आणि सहज विचारले,

"तुम्ही गेले असते का?"

मी चहाचे पैसे द्यायला उठलो. दुसरे काही सुचले नाही.

आता मला ती गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी त्या दिवशी त्याला सांगितली नाही. त्याच वर्षी उन्हाळी परीक्षेत मी बाहेरचा पर्यवेक्षक म्हणून एका गावी गेलो होतो. गावाचे आणि केंद्राचे नाव सांगत नाही. सांगण्यासारखे त्यात काही विशेषही नाही. पहिल्या तासातच माझ्या ध्यानात आले, की मागच्या दोन रांगांत लहान अक्षरांत छापून आणलेल्या झेरॉक्सच्या चिठ्ठ्या हातोहात फिरत आहेत. एका मुलाच्या बाहीतून मी मूठभर चिठ्ठ्या काढल्या आणि केंद्रप्रमुखांकडे गेलो. गृहस्थ अत्यंत सौम्य. म्हणाले, "सर, पाहुणे आहात तुम्ही. गरिबाची लेकरं आहेत, जाऊ द्या न! चहा घेता ना?"

मी चहा घेतला. चहा चांगला होता. पेपर संपल्यावर माझ्यापुढे अहवाल आला. त्यावर 'परीक्षा शांततेत पार पडली' असे आधीच लिहिलेले होते. ते एका अर्थी खरेच होते. इतक्या शांततेत चाललेली परीक्षा मी क्वचितच पाहिली होती. मी सही केली.

त्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. तिने तीन तासांत मान वर केली नाही. काही आठवेनासे झाले की ती पेनाचे टोपण दाताखाली धरी. मी मोटारसायकल काढत असताना ती जवळ आली आणि म्हणाली, "सर, पुढच्या पेपरला तुम्हीच येणार का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली आणि गेली.

ती कसल्या आशेने विचारत होती, की नुसती चौकशी करत होती, हे मला आजतागायत कळलेले नाही. पण फेटरीच्या त्या टपरीवर चिरंजीवांनी प्रश्न विचारला तेव्हा मला आठवले ते तिचे 'बरं'. आणि आपण चित्रपटावर एवढे का चिडलो, तेही हळूहळू उलगडू लागले. ज्याच्यासाठी ओणवे उभे राहण्यात मी धन्यता मानली, तो फेणे तिसरीतल्या मुलाला सोयीचा होता. त्याचे चोर माझ्या ओळखीचे नव्हते. मोठ्या झालेल्या फेणेने नेमके ते दार उघडले, ज्या दाराशी मी चहा पिऊन परत फिरलो होतो. लेखकांनी फेणेला मोठे केले म्हणून माझी तक्रार होती. खरी गोष्ट अशी, की त्यांनी त्याच्याबरोबर चोरही मोठे केले. आणि तसे केले नसते तर फेणे नुसता सायकल मारणारा बाप्या झाला असता.

शिवाय त्यांनी हे काही हवेतून आणले नव्हते. 2015 साली देशभरची वैद्यकीय पूर्वपरीक्षा उत्तरे फोडल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती, आणि सहा लाखांवर मुलांना ती पुन्हा द्यावी लागली होती. आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशातले व्यापम प्रकरण त्याआधीचे, 2013 मध्ये उघडकीस आलेले. 'मुलांच्या गोष्टीत हे कशाला?' असे मी विचारत होतो. आणि हे सारे घडत होते ते मुलांच्याच बाबतीत.

पुढच्या वर्षी माझी परीक्षेची पाळी दुसऱ्याच केंद्रावर आली. चिठ्ठ्या तिथेही होत्या. या वेळी मी अहवालात जे पाहिले ते लिहिले. वाचकांनी इथे फार मोठ्या अपेक्षा करू नयेत. लिहिताना माझा हात कापत होता. पकडलेल्या दोन मुलांपैकी एक हमसून रडला. त्याचा बाप रोजंदारीवर होता, आणि त्याचे ते रडणे कित्येक रात्री माझ्या कानांत राहिले. फेणेच्या पुस्तकांत चोर कधी असे रडत नाहीत. त्या दिवशी चहा आला नाही, मोटारसायकलची हवा गेलेली निघाली, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत माझे नाव नव्हते. जगात काही फरक पडला असेल, असे मला वाटत नाही. घरी आल्यावर चिरंजीवांना दोन्ही वर्षांची हकीकत सांगितली, पहिल्या वर्षीच्या चहासकट. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग हवा कुठं भरली?"

चिरंजीव मोठे झाले आणि त्यांनी विज्ञान शाखा घेतली. 5 मे 2024 रोजी देशभर नीट परीक्षा झाली. तेवीस लाखांवर मुले बसली. पेपर फुटल्याच्या बातम्या पाटणा आणि हजारीबागहून येऊ लागल्या तेव्हा हा अकरावीतून बारावीत चालला होता. पेपर फुटला हे न्यायालयानेही मान्य केले. मात्र परीक्षेला सर्वत्र कीड लागल्याचा पुरावा नाही, म्हणून फेरपरीक्षा नको, असा निर्णय 23 जुलैला झाला. त्या संध्याकाळी जेवताना हा एवढेच म्हणाला, "बाबा, अप्पा अजून आहे म्हणायचा."

सौ. ला वाटले, कुणी नातेवाईक. तिला चित्रपटाची आठवण करून द्यावी लागली.

2025 च्या मे महिन्यात त्याची परीक्षा नागपुरात होती. केंद्राबाहेर भर उन्हात आम्ही आईबाप उभे होतो, कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत एकमेकांना जागा देत. आत मुलांच्या बाह्या, बूट, कानातल्या रिंगा तपासल्या जात होत्या. माझ्या मनात आले, की एवढी झडती आमच्यासारख्या चहा पिणाऱ्यांची घेतली असती, तर मुलांची घ्यावी लागली नसती. संध्याकाळी तो बाहेर आला तो घामाने निथळत. "फिजिक्स भारी गेला," म्हणाला, आणि पाण्याची बाटली एका दमात रिकामी केली.

गुण पुरेसे पडले नाहीत. आता तो नागपूरला बी.एस्सी. करतो. घरात चार दिवस सुतक असल्यासारखे गेले, हे लपवत नाही. पण जे पडले ते त्याचे स्वतःचे होते. आमच्या घरी कुणी हे मोठ्याने बोलून दाखवले नाही; बोलून दाखवण्यासारखी ती गोष्ट असावी, हेच मुळी वाईट.

तर अशी ती ट्रंक. ती आता माळ्यावर नाही. दिवाणखान्यातल्या कपाटाखाली आहे. फराळाला आलेल्या शेजारच्या एका लहानग्याने गेल्या दिवाळीलाच त्यातले 'प्रतापगडावर फास्टर फेणे' मागून नेले आणि अजून परत केलेले नाही. मी आठवण करायला निघालो, तर चिरंजीवांनी अडवले. म्हणाले, "राहू द्या ना बाबा. वाचू द्या त्याला आधी. सिनेमा नंतर दाखवू."

चित्रपट चांगला की पुस्तके, यावर आमचे अजूनही पटत नाही. मी पुस्तकांच्या बाजूचा, तो चित्रपटाच्या. सौ. म्हणते, दोघांनीही आधी चिवडा संपवावा.